बिनगव्हाचं घर

७ सप्टेंबर, तबूक

आजपासून शाळा घरी.

सकाळी आठला ईशाने आपणहून गणवेश घातला, केसांना रिबिनी बांधून घेतल्या, दप्तर पाठीला अडकवलं. बेडरूमच्या दारातून निघाली आणि स्वयंपाकघरात ओट्याशी येऊन उभी राहिली. "गुड मॉर्निंग, मिस." आपण आई की मिस, हे ठरवायचं राहूनच गेलं होतं. मागोमाग तिचा धाकटा भाऊ ऋगू आला, हातात केळं, अंगात नुसती चड्डी, आणि तांदळाच्या डब्यावर बसला. वर्ग भरला.

ही वही नवऱ्याने, चैतन्यने आणली. म्हणाला, रोज ईशाने काय खाल्लं, कधी दुखलं ते टिपून ठेव, डॉक्टरांना उपयोगी पडेल. डॉक्टरांसाठी मी वेगळी वही केली. ही माझी.

ईशा साडेसहा वर्षांची. मार्चमध्ये कळलं की तिला सीलिअ‍ॅक आहे. गव्हात आणि जवात जे चिकट ग्लूटेन असतं, ते तिच्या आतड्याला चालत नाही. चिमूटभरही नाही. गहू बंद करणं हेच औषध, जन्मभर. आणि आम्ही राहतो सौदीतल्या तबूकला, जिथे वाळवंटात गव्हाची शेतं आहेत. इमारतीच्या खाली बेकरी. सकाळी सामोलीचा, म्हणजे इथल्या लांबट पावाचा, वास जिन्याने वर चढतो आणि ईशा नाकावर रुमाल धरते.

गेल्या वर्षी ती एक्केचाळीस दिवस गैरहजर होती. आज कुणाच्या वाढदिवसाचा केक, उद्या कुणाच्या डब्यातला पराठा. टीचर चांगल्या होत्या, पण चाळीस मुलांत त्या तरी कुठे कुठे बघणार? म्हणून एक वर्ष घरी. चैतन्य इथल्या सरकारी रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे, त्याचा दिवस तिकडेच जातो. मी बी.फार्म. नाशिकला अंबडच्या एका औषध कारखान्यात चार वर्षं पॅकिंग आणि लेबलं तपासायचे. मुलं शिकवायचा अनुभव शून्य.

मे महिन्यातल्या लाडवाबद्दल इथे लिहिणार नाही. झालं ते झालं.

९ सप्टेंबर

शिकवायचं काय ते ठरलं. दिवाळी येतेय. दिवाळीला घरात सगळं भट्टीतलं, म्हणजे ओव्हनमधलं, बिनगव्हाचं करायचं आणि तोच अभ्यास. वाट्या मोजणं म्हणजे अपूर्णांक. वजनकाटा म्हणजे गणित. ज्वारी कुठून आली ते नकाशावर शोधायचं. ती जेद्दाच्या बलदमधून, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारातून येते, चैतन्यचा मित्र पाठवतो. आज ईशाने नकाशावर तबूक ते जेद्दा दोरा लावून मोजला. ऋगूने तो दोरा गिळायचा प्रयत्न केला.

पहिला पाव केला. वीट झाली. सुरी टेकवली तर टक्क आवाज आला. चैतन्य म्हणाला, "दाराला लावायला चालेल, वाऱ्याने आपटतं ते."

ईशाने मात्र तिचा तुकडा संपवला. ताटली चकाचक.

१६ सप्टेंबर

आज जे पाहिलं ते लिहायलाच हवं.

गव्हाच्या कणकेला ताण असतो, ती हवा धरून ठेवते. ज्वारी-तांदळाच्या पिठाला तो नाही, म्हणून विटा होतात. आठ दिवस वाचून वाचून एक गोष्ट कळली: इसबगोल! पाण्यात भिजवला की त्याची लापशी होते, ती पिठाला धरून ठेवते. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या हसत सुटल्या. "अगं, ते सकाळच्या पोटासाठी असतं. पावात काय घालतेस?"

घातलं. ज्वारी, तांदूळ, साबुदाण्याचं पीठ, यीस्ट आणि इसबगोल. गोळा हातात घेतला आणि दचकले. तो ओढला जात होता. तुटत नव्हता. लहानपणापासून हजारो वेळा मी कणीक मळली असेन, पण कधी तिच्याकडे बघितलं नव्हतं. आज पहिल्यांदा कळलं की पोळी लाटता येते हाच केवढा चमत्कार आहे.

भट्टीच्या काचेपुढे आम्ही तिघं फरशीवर मांडी घालून बसलो. दहा मिनिटं काही नाही. मग मधोमध हळूच एक फुगवटा आला. ईशाने माझा दंड धरला. "आई, इट्स ब्रीदिंग." पाव डब्याच्या काठाच्या वर आला. ऋगूने त्याला हात जोडून नमस्कार केला. कुणीच हसलं नाही, कारण तसंच वाटत होतं.

गरम कापला तर आत जाळी. खरी, पावासारखी जाळी. मी खाल्ला आणि रडले. मुलं आपापल्या फोडी घेऊन गॅलरीत गेली. दोघांच्या ताटल्या रिकाम्या परत आल्या.

२२ सप्टेंबर

रोज पाव, नाहीतर केळ्याचा केक, नाहीतर तांदळाची नानकटाई. ईशा सगळं संपवते. हल्ली तिला गॅलरीतच खायला आवडतं, ऋगूसोबत. भावंडांचं एवढं गूळपीठ बघून बरं वाटतं. ऋगूच्या चड्ड्या कमरेला घट्ट व्हायला लागल्यात. घरचं खाणं मानवलं पोराला.

संध्याकाळी आमटी-भात झाल्यावर ईशा पुन्हा पोट धरून बसली. नाटक असेल का, असं क्षणभर मनात आलं. आलं, म्हणून लिहिलं.

२९ सप्टेंबर

ईशाला दाखवायला डॉ. तल्हांकडे गेलो. उंच सुदानी गृहस्थ, मुलांशी बोलताना जमिनीवर उकिडवे बसतात. ईशाचं वजन सोळा किलो शंभर ग्रॅम. जूनमध्ये सोळा दोनशे होतं.

तीन महिने घरात गहू नाही. रोज पाव, केक, सगळं ताटलीतून साफ. मग जातं कुठे? त्यांनी विचारलं, "सगळं खाते नक्की?" मी म्हटलं, "माझ्या डोळ्यांसमोर." त्यांनी ईशाकडे बघितलं. ईशा त्यांच्या बुटांकडे बघत होती.

ऋगूला गंमत म्हणून काट्यावर उभं केलं. दीड किलो वाढलाय.

माझ्या हातातच काही खोट आहे का?

३ ऑक्टोबर

ऋगूला गॅलरीत पाहिलं. दोन्ही हातांत एकेक फोड. ईशा शेजारी बसून रिकामी ताटली मांडीवर धरून त्याला म्हणत होती, "चावून खा. पटकन नको."

"हे तिचं आहे ना रे?"

तो तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, "ताई रोज देते."

रोज. पहिल्या विटेपासून.

मी ओरडले नाही. म्हणजे, ओरडले थोडी. मग खाली बसले. "ईशा, का गं? तुझ्यासाठीच करते ना मी? यात काही नाही."

ती शांतपणे म्हणाली, "लाडूच्या वेळी पण तू म्हणाली होतीस. यात काही नाही, खा."

आता लिहायलाच लागणार.

मे महिन्यात चैतन्यच्या वाढदिवसाला बेसनाचे लाडू केले. बेसन चालतं तिला. भाजताना बेसन सैल झालं, तूप सुटलं, लाडू वळेनात. मी मूठभर रवा घातला. रवा म्हणजे गहू, मला माहीत होतं. म्हटलं, एवढ्या मोठ्या परातीत एक मूठ, त्याने काय होतंय? डॉक्टर तर सांगतातच जरा वाढवून. तिने विचारलं होतं, "आई, यात काही आहे?" मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "काही नाही गं, खा."

तीन दिवस. उलट्या, सलाईन. दुसऱ्या दिवशी नर्सला तिच्या हातावर शीर सापडत नव्हती. ईशा रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

मी तिला आजवर सॉरी म्हटलं नव्हतं. वाटलं होतं, लहान आहे, विसरेल.

आज म्हटलं. ती म्हणाली, "इट्स ओके, आय अ‍ॅम फुल." म्हणजे विषय संपला.

चैतन्यला सांगितलं. त्याने बुटाची नाडी सोडली. मग म्हणाला, "आम्ही ऑपरेशनच्या आधी लहान मुलांना कधीच सांगत नाही की दुखणार नाही. एकदा खोटं सांगितलं ना, पुढच्या वेळी ती तोंडाला मास्कही लावू देत नाहीत."

"मग काय सांगता?"

"जे आहे ते. आणि मास्क त्यांच्याच हातात देतो."

५ ऑक्टोबर

खालच्या मजल्यावर कुबरा राहते. मूळ हैदराबादची, पंधरा वर्षं तबूकमध्ये, नवरा गव्हाच्या फार्मवर मेकॅनिक. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बच्ची कू जबरदस्ती नक्को करो. उसकू पूछो, क्या खाती तू, क्यूं खाती."

विचारलं. ईशाने बोटांवर मोजून सांगितलं: भात, अंडं, केळं, बटाटा, खजूर, डाळिंब, दही. का? "कारण ते दिसतात."

म्हणजे?

"भात तांदूळच दिसतो. पीठ झालं की काहीपण असू शकतं. यू कान्ट सी."

मी फार्मसीची पदवीधर. हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग ठरलं. पीठ खायची सक्ती नाही, पुन्हा कधीच नाही. आणि मास्क तिच्या हातात. आजपासून घराची मुख्य तपासनीस ईशा. घरात येणारं प्रत्येक पाकीट आधी तिच्यापुढे. तिने सही केली तर कपाटात. तिला सही येत नाही, म्हणून ती एका डोळ्याचं चित्र काढते.

पण तपासायचं तर वाचता यायला हवं. इंग्रजी तिला अडखळत येतं, अरबी नाही. कुबरा रोज अर्धा तास वर येणार. पहिला शब्द आजच शिकवला, पाटीवर खडूने तीन अक्षरं: काफ, मीम, हा. कमह. गहू. "ये दुश्मन है," कुबरा म्हणाली. ईशाने तो शब्द सतरा वेळा गिरवला. एवढ्या निगुतीने ती कधीच काही लिहीत नाही.

११ ऑक्टोबर

सकाळचा खेळ: सगळं कपाट रिकामं करायचं आणि डब्यांच्या तीन रांगा लावायच्या. सही, सही नाही, माहीत नाही. ऋगू हमाल. ईशा भिंग घेऊन पालथी पडलेली. मी आमटी टाकत होते. फोडणीसाठी हिंगाची डबी मागितली.

"वेट, मिस."

डबी बारीकशी, पिवळी. इतक्या बारीक अक्षरांत कोण काय लिहितं, असं मी म्हणत होते तेवढ्यात ती एकेक अक्षर लावून वाचायला लागली. "ए-डि-बल... गम..." थांबली. भिंग जवळ नेलं, लांब नेलं. "डब्ल्यू. एच. ई. ए. टी."

मी म्हटलं, "काहीतरी चुकतंय. हिंग म्हणजे झाडाचा चीक असतो."

"व्हीट, आई. फ्लार, म्हणजे पीठ. बघ."

बघितलं. खडा हिंग फार उग्र म्हणून तो पिठात मिसळतात. गव्हाच्या पिठात. मला हे माहीत असायला हवं होतं. चार वर्षं मी दिवसाला शेकडो लेबलं वाचायचे, दुसऱ्यांच्या औषधांची. स्वतःच्या फोडणीच्या डबीचं कधी वाचलं नाही, कारण ती आईच्या घरी होती, आजीच्या घरी होती.

आमटी. रोजची आमटी. रोज पोट धरून बसायची आणि मी नाटक म्हणाले होते.

गॅस बंद केला. तिच्यासमोर जमिनीवर बसले. "ईशा, तू बरोबर होतीस. माझ्या जेवणात गहू होता. मला माहीत नव्हतं, पण होता."

तिला आनंद झाला नाही, रागही आला नाही. तिने मान डोलावली, एखाद्या म्हाताऱ्या वैद्यासारखी. "मला वाटलंच होतं आमटीचं," म्हणाली, आणि पुढची डबी उचलली.

साडेसहा वर्षांचं लेकरू. घरातली मोठी माणसं प्रेमाने सांगत होती, काही नाही, खा, आणि ही एकटीच आपल्या पोटाचं ऐकत होती. मी तिला भित्री समजत होते.

१७ ऑक्टोबर

सहा दिवस. एकदाही दुखलं नाही.

२० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी

पहाटे अभ्यंगस्नान झालं. खिडक्या बंद करून उटण्याचा वास घरातच धरून ठेवला. पणत्या चार, गॅलरीच्या आतल्या बाजूला.

फराळ ईशाच्या देखरेखीखाली. ज्वारी घरातच दळली, मिक्सरच्या झाकणाला डोळा लावून ती बघत होती. मोत्यासारखे दाणे गरगर फिरले आणि बघता बघता धूर झाले. "परत दाणे करता येतात?" तिने विचारलं. नाही, म्हटलं. "म्हणून बघायला लागतं," ती म्हणाली.

शंकरपाळी भट्टीत भाजली, करंज्या तांदळाच्या उकडीच्या, त्याही भट्टीतल्या. दोन-चार फुटल्या. अनारसे मात्र तळलेच. गंमत म्हणजे अनारशाला गहू कधी लागलाच नव्हता. आपल्याकडे शेकडो वर्षं हा एक पदार्थ ईशासाठीच करून ठेवलाय जणू! तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, वास घेतला, ईशाने रोज चित्र काढलं. तुपात टाकल्यावर अनारशाला एकेक भोक पडत गेलं.

तिने सगळं लाटलं, कापलं, खसखस लावली. कुबराला ताट नेऊन दिलं. खाल्लं मात्र एकही नाही. मी विचारलं नाही. आत जाऊन नळ सोडला आणि दोन मिनिटं तिथेच उभी राहिले.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

ओवाळून झालं. ऋगूपुढे करंजी ठेवली तर त्याने हात मागे घेतले. "ताई नाही खात, मी पण नाही खाणार."

ईशाने ताम्हन खाली ठेवलं. "ऋगू, तुझं पोट वेगळं आहे. माझं वेगळं आहे. यू ईट." आणि करंजी मोडून त्याच्या तोंडात घातली. चैतन्यने चष्मा पुसला.

१४ नोव्हेंबर

कुबराच्या नवऱ्याने फार्म दाखवायला नेलं. मी नको म्हणत होते. गव्हाच्या शेतात हिला? ईशानेच हट्ट धरला.

वाळवंट संपतं आणि अचानक एक हिरवा गोल सुरू होतो, एखाद्याने कंपासने काढल्यासारखा. मध्ये खांब, त्याला अर्धा किलोमीटर लांब पाण्याची नळी, चाकांवर. ती गोल फिरत राहते आणि तिच्या पायाखाली हिरवं उगवतं. हा गोल चाऱ्याचा होता. शेजारच्या गोलात गव्हाची पेरणी चालली होती. पाणी कुठून? त्याने पायाखाली बोट दाखवलं. हजारो वर्षांपूर्वी पडलेला पाऊस, खडकात मुरून राहिलेला. मुलं पायाखालच्या वाळूकडे बघतच राहिली. ऋगूने कान टेकवून ऐकलं.

ईशाने बियाण्याचे चार दाणे मागितले. मी पुढे झाले, पण तिने मला हाताने थांबवलं. दाणे तळहातावर घेतले. मधली चीर बघितली, टोकाची लव बघितली. म्हणाली, "हा वाईट नाहीये. आमचं जमत नाही फक्त."

मग दाणे त्याला परत दिले आणि हात तीनदा धुतले.

घरी आल्यावर तिने पाटीवर तो गोल काढला आणि त्याच्या परिघाला दोरा लावला. मी अजून परीघ शिकवलेला नाही.

४ डिसेंबर

सतरा किलो चारशे! डॉ. तल्हा उकिडवे बसले आणि त्यांनी ईशाशी हस्तांदोलन केलं. "डॉक्टर कोण आहे तुमच्या घरी?" ईशाने स्वतःकडे बोट दाखवलं.

पीठ अजून नाही. भात, अंडी, बटाटे, खजूर, दही. दिसतं ते.

मला झोप लागत नाही असं नाही, पण दुपारी मुलं डुलकी घेतात तेव्हा भीती वाटते. तिला पाढे सातच्या पुढे येत नाहीत. मराठी अक्षरं लिहिते ती उलटी. तिच्या वर्गातल्या मुली पुढे गेल्या असतील. मी हिची शाळा चालवतेय की माझं प्रायश्चित्त? आणि आयुष्यभर ही मुलगी कुणाच्या हातचं खाणारच नाही का?

पाव रोज करते. कुणी न सांगता. चैतन्य आणि ऋगू खातात. पाव आता सुंदर होतो.

१९ डिसेंबर, शुक्रवार

कालपासून सगळ्या तबूकच्या फोनवर एकच चित्र: डोंगरावर बर्फ. जबल अल लौझ, इथून दोन-अडीच तासांवर. चैतन्यची सुट्टी. तो म्हणाला, "यल्ला, निघू या." मी सकाळी खजुराचा पाव भट्टीतून काढला, फडक्यात गुंडाळला. ईशासाठी उकडलेले बटाटे आणि अंडी. घरातले सगळे स्वेटर एकावर एक.

रस्ता वाळूतून, मग तांबड्या खडकांतून. वाटेत शेकडो गाड्या, लोकांनी बॉनेटवर बर्फाचे गोळे बसवून आणलेले. एक वळण घेतलं आणि चैतन्यने गाडी थांबवली. न सांगता.

वाळवंट पांढरं झालं होतं.

मला बर्फ चित्रातला माहीत. तो पाइनच्या झाडांवर असतो. हा बर्फ लाल डोंगरावर होता, काटेरी झुडपांवर होता, एका उंटाच्या पाठीवर होता. उंट तसाच उभा, मान वर, जणू त्याला कुणीतरी वस्त्र पांघरलंय आणि हलायला त्याला संकोच वाटतोय. वारा थांबलेला. इतकी माणसं, पण आवाज कुणाचाच येत नव्हता, बर्फ सगळा आवाज पिऊन टाकत होता. एक म्हातारे गृहस्थ तपकिरी फर्वा, म्हणजे इथला लोकरीचा जाड झगा, पांघरून हात पसरून उभे होते आणि पुटपुटत होते, सुभानल्ला, सुभानल्ला. ईशा खाली उतरली. तिने हातमोजा काढला, बोटाने बर्फाला स्पर्श केला आणि पटकन बोट मागे घेतलं.

"आई, हे पाणी आहे?"

हो.

"खरं?"

खरं.

"तेच पाणी? जे खडकात जातं?"

मी नुसती मान हलवली. ऋगू तोवर पालथा पडून बर्फ चाटत होता.

जवळच एका सौदी कुटुंबाने शेकोटी पेटवली होती. त्यांच्या आजीने मला हाताने बोलावलं. "तआली, तफद्दली!" चहा दिला. निखाऱ्यांच्या राखेत भाजलेली जाड रोटी काढली, फुंकर मारून झटकली, मोडली आणि मोठा तुकडा ईशापुढे धरला. वाफा निघत होत्या.

मी पुढे होणार, तेवढ्यात ईशा दोन पावलं मागे सरली, हात छातीवर ठेवला आणि स्वच्छ अरबीत म्हणाली, "शुक्रन. मा अगदर. कमह." नाही चालत मला. गहू.

आजीने तुकडा खाली ठेवला. कपाळावर हात मारला. मग मागे वळून मोठ्याने हाक मारली, "जूद! या जूद!"

गाडीमागून एक मुलगी आली. आठएक वर्षांची, गुलाबी टोपी, किडकिडीत. हाताशी कापडी पिशवी घट्ट धरलेली. ईशाचीही अशीच एक आहे. आजीने जूदच्या डोक्यावर हात ठेवला, ईशाकडे बोट दाखवलं. "हादी मिस्लिक." ही तुझ्यासारखी.

ईशाने माझा कोट ओढला. "तीपण?"

"तीपण."

"तिला पण कमह नाही?"

"नाही चालत."

बर्फ बघताना झाले नव्हते एवढे मोठे तिचे डोळे झाले. नऊ महिने तिला वाटत होतं, जगात ही एकटीच आहे. मीही कधी विचारलं नव्हतं की तुला असं वाटतं का.

दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. ईशाने तिच्या पिशवीतलं भिंग काढून दाखवलं. जूदने तिच्या पिशवीतून भाताचा डबा काढून दाखवला. झाली ओळख. मग ईशा धावत गाडीकडे गेली आणि फडक्यात गुंडाळलेला पाव घेऊन आली. चैतन्यने कापून दिला. तिने एक फोड जूदपुढे धरली.

जूदने हात पुढे केला नाही. "फीह कमह?" गहू आहे यात?

"मा फीह." नाही.

जूद फोडीकडे बघत राहिली, मग ईशाकडे, मग पुन्हा फोडीकडे. ती नजर मी ओळखते. तीन महिने रोज माझ्या ओट्यासमोर ती उभी असायची. कुणीतरी कधीतरी तिलाही प्रेमाने सांगितलं असणार, काही नाही, खा.

"मा फीह," ईशा पुन्हा म्हणाली. "वल्लाही." देवाशपथ.

जूद हलली नाही.

मी बोलायला तोंड उघडलं होतं. चैतन्यने माझ्या मनगटावर हात ठेवला.

ईशाने माझ्याकडे बघितलं नाही. तिने त्या फोडीला क्षणभर निरखलं, आणि मोठा, तोंडात मावणार नाही एवढा घास घेतला. चावला. गालाचे फुगे झाले. गिळला. मग जूदसमोर जीभ बाहेर काढून दाखवली, बघ, गेला.

जूदने तीच फोड तिच्या हातातून घेतली आणि दुसऱ्या बाजूने चावा घेतला. शेकोटीपाशी आजी काहीतरी बोलत होत्या, रडत होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे सगळाच बर्फ झाला होता.

ईशा चावता चावता माझ्याकडे वळली. कपाळाला आठी, तपासनिसाची.

"आई, यात मीठच नाहीये."

सकाळच्या गडबडीत राहिलं असणार. मी खाली बसले, तिच्या उंचीवर आले.

"नाही घातलं गं," म्हटलं. "विसरले मी."